परतीच्या यादीतली नावं

२४ नोव्हेंबर, रविवार. नेपरव्हिल, शिकागोजवळ

जुन्या वहीत अकरा पानं कोरी आहेत, तरी आज नवी वही उघडली. जुनीत हिचं आजारपण लिहिलेलं आहे. त्याच्या शेजारी बँकॉक लिहायला मन होईना.

होय, बँकॉक! सकाळी विनयने सांगितलं. "बाबा, ख्रिसमसच्या सुट्टीत बँकॉक करतोय. पाच-सहा दिवस. वल्लरीताई नाशिकहून तिकडेच येतेय."

मी म्हटलं, "आणि मी काय इथे बर्फ राखत बसू?"

"तुम्ही आहात ना. तुमच्यासाठीच तर ठरवलं." एवढं बोलून तो बायकोकडे, रुचाकडे बघायला लागला आणि रुचा टोस्टरकडे.

मिरजेच्या शाळेत भूगोलाच्या पुस्तकात एक काळंपांढरं चित्र होतं. नदीच्या काठावर निमुळतं होत गेलेलं देऊळ, खाली पाण्यात नाव. मराठीचा मास्तर असूनही मी ते पान उघडून बसायचो. लग्नानंतर हिला दाखवलं होतं. "निवृत्त झालो की जाऊ." निवृत्त झालो, घराला गळती लागली, मग हिचे गुडघे, मग ही. ती आता यायची नाही, आणि मला मात्र घेऊन चाललेत. देवाचा हिशोब असाच असतो.

विनय म्हणाला, "बाबा, अजून एक बोलायचं होतं. त्यानंतरचं."

मी त्याला थांबवलं. "नंतरचं नंतर. सहलीची आखणी माझी. चौतीस वर्षं सहली काढल्यात." तो खुर्चीत परत बसला. लहानपणापासून असाच, बोलायला उठतो आणि बसतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. इथली माणसं वर्षातून एकदा कृतज्ञ होतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानांपुढे रांगा लावतात.

दुधाचा विषय पुन्हा निघाला. मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून मी दोन ओळी टिपायला वर गेलो, ओळी दोनाच्या आठ झाल्या, पातेलं करपलं. धूर झाला की इथलं छत किंचाळतं. मग लाल बंब आला, गणवेशातले चौघे घरात शिरले, शेजारी दारात उभे. पातेलंभर दुधासाठी बंब! रुचा अजून म्हणते, "बाबा, मी मीटिंगमध्ये होते. पाच मिनिटं उशिरा कळलं असतं तर?" मी म्हणालो, "पाच मिनिटांत कडवं पूर्ण झालं असतं." कोणी हसलं नाही. या घरात विनोदाला मीठ लागतच नाही.

केया मात्र टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावून हसली. नात माझी, अकरा वर्षांची आहे. रोज शाळेतून आली की पाऊण तास माझ्यासमोर बसते. आठवड्याला एक कविता, चालीवर, पाठ. बारा झाल्या. अर्थ विचारते इंग्रजीत, पण म्हणते अशी की मिरजेच्या वर्गात पहिल्या बाकावर बसवावी. ती पाऊण तास नसती तर या पांढऱ्या गावात मी काय केलं असतं, कोण जाणे.

३ डिसेंबर, मंगळवार

लायब्ररीत मनोहरराव भेटले. नागपूरचे, मुलीकडे असतात. आम्ही दोघे खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र उघडतो आणि वाचत नाही.

"काय गुरुजी, काहून एवढे खुश?"

बँकॉकचं सांगितलं. वल्लरी येणार हेही.

"पोरगी तिकडून येणार, पोरगा इकडून जाणार. मधल्या स्टेशनावर भेट." मनोहररावांनी चष्मा काढून पुसला. "परतीचं तिकीट पाहिलं काय तुम्ही?"

"ते सगळं विनयच्या फोनमध्ये असतं."

"असते ना. तरी पाहून घ्या म्हणतो."

मला राग आला. स्वतःच्या मुलीशी पटत नाही म्हणून जगातली सगळी मुलं तशीच वाटतात. मी विषय बदलून बुद्धाच्या मूर्तीवर नेला. शेहेचाळीस मीटर लांबीची, आडवी! ते म्हणाले, "बुद्धाचं बरं आहे, त्याला कोणी उठवत नाही."

७ डिसेंबर, शनिवार

आखणी पूर्ण. चौपन्न पानं. कोणत्या दिवशी काय, कुठे किती वेळ, कोणती नाव कोणत्या धक्क्यावरून. राजवाड्यात अर्ध्या चड्ड्या चालत नाहीत, हे विनयच्या पानावर लाल शाईने लिहिलं. पहिल्या पानावर सहलगीत, माझंच:

चला पाहू या सोनशिखरे, चला नदीच्या काठी,
हात धरूनी जोडी-जोडी, कुणी न राहो पाठी.

केयाने लगेच चाल लावली. विनय दारात उभा राहून ऐकत होता. दोन्ही ओळी संपल्यावर म्हणाला, "बाबा, पाच मिनिटं बसू या का? एक सांगायचंय."

"बस. तू डावा आवाज धर, केया उजवा."

तो बसला नाही.

दुपारी रुचा मोजायची पट्टी घेऊन माझ्या खोलीत आली. खिडकी ते दार, दार ते कपाट. मी विचारलं तर म्हणाली, "कार्पेट बदलायचंय बाबा." मी परत येईपर्यंत होईल का, असं विचारायचं होतं, राहिलं. एकूण चांगलंच आहे. या कार्पेटला माझ्या औषधी तेलाचा वास मुरलाय असं ती फोनवर कोणाला तरी सांगत होती.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज थोडा गाजावाजा झाला. तळ्याच्या बाजूने फिरायला निघालो, डोक्यात पंधरावी कविता, केयाला कोणती द्यावी. विचारात गेलो तो आगगाडीच्या स्टेशनपर्यंत. परतीचा रस्ता ओळखू येईना, सगळी घरं एकाच साच्यातली, जणू एकाच बोर्डाची पुस्तकं. एका तरुण पोलिसाने गाडीत बसवून घरी सोडलं. फार सभ्य मुलगा.

विनय ऑफिस टाकून आला होता. गॅरेजमध्ये वल्लरीशी फोनवर बोलत होता: "ताई, आय कान्ट डू धिस एनीमोअर. रुचाचं पण बरोबर आहे यार." रुचाचं काय बरोबर, ते कळलं नाही. बायकोचं बरोबर आहे असं बहिणीला सांगणारा भाऊ मी प्रथमच पाहिला.

रुचाने माझा बर्फातला जाड कोट देणगीच्या पिशवीत घातलेला दिसला. म्हटलं, "अगं, हा माझा."

"बँकॉकला कशाला बाबा? तिकडे गरम असतं."

खरं आहे. पण जानेवारी इथेच असतो ना? असो. नवीन घेणार असतील.

१५ डिसेंबर, रविवार

सहलीचा एक नियम मी कधी मोडला नाही. जाताना कोणी हरवत नाही. सगळे उत्साहात असतात, एकमेकांना चिकटून असतात. हरवतात ते परतताना. म्हणून शाळेत मी परतीची यादी वेगळी करायचो. मुलांची नावं एकाखाली एक, आणि तळाला गुरुजींची सही. गुरुजी स्वतःचं नाव यादीत घालत नाहीत. मोजणारा मोजणीत नसतो.

मनोहररावांची शंका डोक्यात होतीच. केयाला म्हटलं, बाबाच्या मेलमधून परतीचं पान तेवढं छापून दे. जाण्याचं नको. तिने दिलं. पान हातात देण्याआधी ती ते बराच वेळ बघत राहिली.

"आबा, इट सेज..." एवढंच म्हणाली. तेवढ्यात खालून रुचाने हाक मारली.

पान वाचलं. बँकॉक ते शिकागो, सत्तावीस डिसेंबर. विनय, रुचा, केया. स्पेलिंग बरोबर. तीन नावं वहीत उतरवली, खाली रेघ मारली, आणि रेघेखाली सही केली: जगन्नाथ, सहलप्रमुख. मनोहररावांना मंगळवारी सांगेन, म्हणावं, पाहिलं हो तिकीट. सगळं यथास्थित आहे.

संध्याकाळी केया कवितेला आली नाही. पोट दुखतंय म्हणाली. झोपायला जाताना दारात थांबून विचारलं, "आबा, डू यू लाइक नाशिक?"

म्हटलं, "द्राक्षं चांगली असतात."

२० डिसेंबर, शुक्रवार. शिकागो विमानतळ

विमानाला दोन तास आहेत. माझ्या दोन मोठ्या बॅगा, त्यांची प्रत्येकी एक. हिचा फोटोसुद्धा रुचाने माझ्याच बॅगेत घातला. म्हटलं, तिलाही बँकॉक दिसू दे. रुचाचे डोळे भरले. मी तिला उगाच कोरडी समजत आलो.

घरातून निघताना शिस्तीप्रमाणे मोजणी केली. एक, दोन, तीन. केया म्हणाली, "यू नेव्हर काउंट युअरसेल्फ." नियम समजावून सांगितला. ऐकून घेतलं, पण तोंड फिरवलं. अमेरिकन मुलांना शिस्त म्हणजे अपमान वाटतो.

२२ डिसेंबर, रविवार. बँकॉक

टोकियोत पाय सुजले. एक अख्खा दिवस कुठे तरी समुद्रात पडला.

वल्लरी आमच्या आधी पोचली होती. दोन वर्षांनी बघतोय. केस पिकलेत. तिचं नाव मी ठेवलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, हे काय नाव, वेलीचं? आता वेल स्वतःच थकलेली दिसते. मला मिठी मारून म्हणाली, "बाबा, किती वाळलात." मग भावंडं खिडकीपाशी जाऊन हळू आवाजात बोलायला लागली. मला बघून वल्लरी म्हणाली, "अजून सांगितलं नाहीस?" विनय म्हणाला, "तू सांग ना. तू मोठी आहेस."

मी म्हटलं, काय सांगायचंय ते उद्या आडव्या बुद्धासमोर सांगा, वेळापत्रकात पाऊण तास मोकळा आहे.

२३ डिसेंबर, सोमवार

आडवा बुद्ध पाहिला. एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर एवढं कमी दुःख! पावलांवर शिंपल्याच्या चकाकत्या नक्षीत एकशे आठ शुभचिन्हं. भिंतीलगत एकशे आठ कटोरे, माणसं त्यात एकेक नाणं टाकत जातात, टण, टण, टण. एका लयीत. मी केयाला म्हटलं, ऐक, हा छंद. तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. घामाने दोघांचे तळवे चिकट झाले तरी.

पण बाकीच्यांचं काय सांगावं. विनय फोनमध्ये. रुचाला मॉलमध्ये जायचं होतं, कारण तिथे एसी. "बाबा, टेंपल्स सगळी सेमच असतात ना?" चौपन्न पानं लिहिली, त्यातलं एकही कोणी उघडलं नाही. ती आखणीची वही वल्लरी पंख्यासारखी हलवत होती.

ज्यांना नुसतं मॉलच्या भिंतींकडे बघायचंय त्यांनी हजारो मैल कशाला यावं? आणि मला काय सांगायचं होतं ते पाऊण तासात कोणी सांगितलं नाही. नारळाचं आइस्क्रीम खाण्यात वेळ गेला.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज अक्षर वाईट येईल.

राजवाडा. आत देवळाभोवती लांबच लांब ओवरी, आणि तिच्या भिंतीवर अख्खं रामायण. त्यांचं रामायण. राम तोच, पण मुकुट निमुळता. मारुती पांढराशुभ्र, शहरभर मोठा होऊन आडवा पसरलेला. मी एकेका चित्रापुढे उभा राहत गेलो. वनवासाचं चित्र आलं तेव्हा हिची आठवण आली. हिला रामाचा राग यायचा. "घर सोडताना बायकोला विचारलं, बापाला नाही विचारलं, तू सुखी राहशील का?" असं काही तरी म्हणायची. भिंत संपली तेव्हा माझ्यामागे कोणी नव्हतं. एक, दोन, तीन, चार, चौघांतलं कोणी नाही. मी एका थंड पायरीवर बसलो. सहलीचा नियमच आहे, हरवलात तर जागा सोडू नका.

सव्वा तासाने विनय आला. त्याच्याबरोबर दोन पहारेकरी. तोंड लाल, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. एवढ्या लोकांसमोर तो ओरडला.

"म्हणूनच! म्हणूनच ठरवलं बाबा! मी दिवसभर फोन हातात धरून बसतो, पोलीस केव्हा फोन करतील म्हणून. इथेही तेच!"

"काय ठरवलं?"

वल्लरी मागून धापा टाकत आली होती. तीच बोलली. "बाबा, तुम्ही माझ्याबरोबर परत यायचं आहे. नाशिकला."

"किती दिवस?"

तिने ओढणीने माझं कपाळ पुसलं.

मी म्हटलं, "तुझ्या दोन खोल्यांत?"

"तिथे नाही बाबा. गावाबाहेर एक चांगली जागा आहे. झाडं आहेत. तुमच्या वयाचे लोक आहेत. वाचनालय आहे. मी दर रविवारी येईन."

रुचा केयाला घेऊन दूर खांबाशी उभी होती. सोनेरी राक्षसाच्या पुतळ्याच्या सावलीत. केया रडत होती, म्हणजे तिला ठाऊक होतं. अकरा वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

विनय म्हणाला, "कितीदा सांगायला आलो, बाबा. तुम्ही एकदाही ऐकलं नाही. मला डावा आवाज धरायला लावलात."

मी म्हटलं, "चल, नावेची वेळ झाली."

२५ डिसेंबर, बुधवार

खोलीतून बाहेर पडलो नाही. वही पहिल्यापासून वाचली. कार्पेट. कोट. टोस्टर. हिचा फोटो. एखाद्या नापास मुलाने उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर चुका बघाव्यात तशा दिसत गेल्या, आणि प्रत्येक चुकीपुढे माझ्याच हातची बरोबरची खूण.

पंधरा तारखेचं पान आलं. तीन नावं, खाली रेघ, रेघेखाली माझी सही. मला घालवून दिल्याच्या कागदावर मीच पदासकट सही केली आहे. मनोहरराव, पाहिलं हो तिकीट.

दुपारी रुचा ताटली घेऊन आली. भात, वरण. कुठून मिळवलं कोणास ठाऊक. टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, ज्या दिवशी बंब आला ना, त्या दिवशी केया घरात होती. वर. हेडफोन लावून. तुम्हाला आठवतं तरी का?"

मला आठवत नव्हतं. ओळी आठवत होत्या. आठही.

ती गेल्यावर जेवलो. भूक लागली होती, याचीही शरम वाटली.

२६ डिसेंबर, गुरुवार

भूगोलाच्या पुस्तकातलं देऊळ आज पाहिलं. पहाटेचं देऊळ, अरुणाचं. नावेतून गेलो. पुस्तकात ते काळंपांढरं होतं, आणि मी इतकी वर्षं ते सोन्याचं समजत आलो. सोन्याचं नाही. जवळून पाहिलं तर फुटक्या चिनी मातीच्या ताटल्यांचे तुकडे बसवलेत. बशा, वाट्या, फुलं काढलेल्या काठांचे कपचे. लांबून ते शिखर होतं.

पायऱ्या फार उभ्या. मी खालीच बसलो. विनय शेजारी बसला.

मग तो म्हणाला, "बाबा, चिडलाय ना?"

"तू लहान असताना पन्हाळ्याच्या सहलीत मी तुला नेलं नव्हतं. आठवतं? तू तापला होतास. तुला सांगितलं होतं, शाळेत तपासणी आहे."

"आठवतं. मी संध्याकाळपर्यंत दारात बसलो होतो."

"मीही तुला तोंडावर सांगू शकलो नव्हतो."

हे मी त्याला दिलासा म्हणून सांगितलं की टोमणा म्हणून, माझं मलाच ठरवता येत नाही. त्याने दिलासा म्हणून घेतलं असावं, कारण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो राहू दिला. पण मनात म्हटलं, ताप उतरल्यावर तुला मी पन्हाळ्याला नेलं होतं रे.

२७ डिसेंबर, शुक्रवार. विमानतळ

आत आल्यावर मधोमध समुद्रमंथन आहे, खऱ्या माणसांपेक्षा मोठ्या आकृत्यांचं. सर्पाची दोरी करून एका बाजूला देव ओढताहेत, दुसऱ्या बाजूला दैत्य. प्रवासी त्याच्यापुढे हसून फोटो काढतात. शिकागोचं फाटक एका बाजूला, मुंबईचं दुसऱ्या. आमचं विमान तासाने आहे. वल्लरी चहा आणायला गेली आहे, म्हणून लिहितोय.

निरोप इथेच झाला. रुचा वाकून पाया पडली. विनयने मिठी मारली आणि कानात "सॉरी" म्हणाला, इंग्रजीत म्हणाला म्हणून हलकं वाटलं असेल त्याला.

केयाला म्हटलं, "पंधरावी कविता राहिली."

ती म्हणाली, "व्हिडिओ कॉलवर करू, आबा." करू हा शब्द तिने मराठीत म्हटला. पण ते होणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला, मग वाढदिवसाला. मी मास्तर होतो. सुट्टीनंतर मुलं कशी परत येतात, मला माहीत आहे.

मग तिने माझ्या सवयीप्रमाणे मोजायला सुरुवात केली. आईच्या दंडाला बोट लावून एक. बाबाच्या, दोन. स्वतःच्या छातीला, तीन. आणि माझ्यापर्यंत हात आणून थांबली. चार म्हणावं की नाही ते तिला कळेना. विनयने तिच्या पाठीवर हात ठेवला, "कम ऑन, बोर्डिंग." हात तसाच खाली गेला.

चालत गेले. वळणावर विनयने मागे बघितलं, केयाने नाही. तिचा पाठीवरचा दप्तरासारखा झोळा हलत होता, एवढं दिसलं. मग तेही नाही.

सहल संपली की शाळेच्या नोंदवहीत शेवटची ओळ लिहावी लागते. मुख्याध्यापक ती वाचूनच फाईल बंद करायचे. सवय आहे, लिहितो.

परतीची मोजणी: तीन. सर्वजण सुखरूप रवाना.

याखाली सहलप्रमुखाची सही लागते. या वेळी करत नाही.